घड्याळ न्यायप्रविष्ट आहे

माझ्या डाव्या मनगटावर छत्तीस वर्षे चावीचे एचएमटी होते आणि त्या छत्तीस वर्षांत त्याने माझ्याविषयी एकदाही मत व्यक्त केले नाही. सकाळी चहाला उकळी येईपर्यंत त्याला चावी द्यायची, आकाशवाणीच्या बातम्यांना ते लावून घ्यायचे आणि बँकेची वाट धरायची, एवढाच आमचा व्यवहार होता. ते दिवसाला तीन मिनिटे मागे पडत असे. मीही शाखेत साधारण तेवढ्याच उशिरा पोहोचत असे, त्यामुळे आमच्यात कधी वाद झाला नाही. मी निवृत्त झालो तेव्हा ते चालू होते. ते बनवणारा कारखाना मात्र माझ्या आधीच बंद पडला होता.

२०२३ मध्ये माझी साठी झाली, तेव्हा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने “बाबा, आता तब्येतीकडे बघायचं हं” असे म्हणत ते एचएमटी सोडवले आणि त्या जागी एक काळे, चौकोनी, चकचकीत घड्याळ बांधले. वेळ सांगणे हे या घड्याळाचे फावल्या वेळचे काम आहे. त्याचा मुख्य व्यवसाय माझ्यावर लक्ष ठेवणे हा आहे. कातडीवर हिरवा प्रकाश टाकायचा, रक्त तो प्रकाश शोषून घेते, ठोक्यागणिक रक्त कमीजास्त होते तसा परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो आणि त्यावरून नाडीचे ठोके मोजायचे, असे हे तंत्र असल्याचे कन्येने समजावून सांगितले व मला ते पटले. सौ.ला मात्र मध्यरात्री नवऱ्याच्या मनगटाखालून हिरवा उजेड झिरपताना पाहून ते तितकेसे पटले नाही. “अहो, मुठीत काजवा धरून झोपलात का?” असे विचारून तिने मला उठवले आणि सकाळी घड्याळाने माझ्या झोपेला शंभरापैकी ४१ गुण दिले.

सोयीसाठी कन्येने घड्याळाची भाषा मराठी करून ठेवली होती. मी मराठी माध्यमात शिकलो आहे, तरीही माझ्याशी इतक्या तुटकपणे मराठीत कोणी बोललेले मला आठवत नाही. “बराच वेळ बसला आहात. उठा.” हे वाक्य ज्याने आयुष्यभर बसून नोकरी केली आणि बसूनच बढती मिळवली, त्या माणसाला दर तासाला ऐकावे लागले. विजेचे बिल वाचत असताना “ताण मध्यम आहे, दीर्घ श्वास घ्या” असा सल्ला आला. रोजची दहा हजार पावले पूर्ण करण्यासाठी मी रात्री पावणेबारा वाजता दिवाणखान्यात येरझारा घालू लागलो आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी सौ.कडे “भाऊजींना काही काळजी लागून राहिली आहे का?” अशी हळुवार चौकशी केली. पुढे समजले की दहा हजार हा आकडा कोणा वैद्याने नाडी पाहून ठरवलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याची हौस वाढली, १९६५ मध्ये तिथे विक्रीस आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे ठेवले गेले आणि त्या नावाचा पुढे जगभर नियम झाला. जाहिरातीतला आकडा कालांतराने धोरण म्हणून गळ्यात पडतो, हे आपल्या राज्यातील मतदाराला निराळे सांगायला नको.

घड्याळ नेमके कोणाचे, हा प्रश्नही याच सुमारास निघाला. ते माझ्या मनगटावर होते, पण त्याचे खाते कन्येच्या नावावर, परवलीचा शब्द तिच्याकडे आणि माझ्या हृदयाची सगळी माहिती माझ्याआधी बंगळुरूला पोहोचत असे. ताबा एकाचा, नोंदणी दुसऱ्याची आणि मूळ भावना तिसऱ्याची, कारण सौ.चे म्हणणे असे की पैसे तिने साठवून दिले होते. महाराष्ट्रात घड्याळावरून वाद ही गोष्ट तोवर अपूर्वाईची राहिलेली नव्हती. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते चिन्ह राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाला दिले, शरद पवार गटाने तुतारी वाजवणारा माणूस घेतला आणि सर्वोच्च न्यायालयाने मग असा आदेश दिला की, या चिन्हाचा वापर न्यायप्रविष्ट असून अंतिम निकालाच्या अधीन आहे, असे जाहिरातींमधून लोकांना सांगितले जावे. २० नोव्हेंबरला मी मतदानाला निघालो, तेव्हा आमच्या इमारतीतील भोईरांनी जिन्यातच माझा हात धरला. “काय साहेब, चिन्ह बांधून मतदानाला? शंभर मीटरच्या आत प्रचार चालत नाही बरं!” मी ओशाळून घड्याळ काढून खिशात ठेवले. संध्याकाळी पाहतो तर सौ.ने ते ठेवण्याच्या डबीवर चिठ्ठी चिकटवली होती: “हे घड्याळ न्यायप्रविष्ट आहे.”

डोंगराची कल्पना निवडणुकीच्या निकालातून निघाली. आमचे डोंबिवलीतील सकाळी फिरणाऱ्यांचे मंडळ तसे लहान असले तरी त्यात महाराष्ट्र पुरता सामावलेला आहे. जोशी कमळाचे, भोईर धनुष्यबाणाचे, सावंत मशालीचे आणि मी बँकेतून आलेला असल्यामुळे शिल्लक पाहून बोलणारा. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. २८८ पैकी भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१, म्हणजे महायुतीला २३० जागा मिळाल्या. एवढे घसघशीत बहुमत मिळाल्यावर मुख्यमंत्री कोण हे संध्याकाळपर्यंत कळेल, अशी आमची भाबडी समजूत होती. दिवसामागून दिवस गेले तरी ते कळेना. बागेतल्या आमच्या बाकावर आवाज इतके चढू लागले की शेजारच्या हास्यमंडळाने आपली जागा बदलली. शेवटी जोशींनी प्रस्ताव मांडला की, सर्वांनी एखादा डोंगर चढावा, म्हणजे डोके थंड होईल, दमही लागेल आणि दम लागल्यावर माणूस बोलत नाही.

डोंगर म्हणून कळसूबाई ठरले, कारण आमच्यातील कोणालाही राज्यातील सर्वोच्च स्थानापेक्षा कमी काही मान्य नव्हते. उंची १,६४६ मीटर. शनिवारी रात्री निघायचे, पहाटे बारी गावातून चढाई सुरू करायची आणि शिखरावरून सूर्योदय पाहायचा. अट एकच होती: बारीत पाय ठेवल्यापासून घरी परतेपर्यंत राजकारणाचा एकही शब्द काढायचा नाही आणि काढला तर प्रत्येक वेळी पन्नास रुपये दंड. दंडाचा डबा साहजिकच माझ्याकडे आला. त्यानंतर मोहिमेचा नेता निवडण्याचा विषय निघाला आणि त्यातच दोन दिवस गेले. जोशींनी चौदा किल्ले केलेले होते, भोईरांची गाडी होती आणि सावंतांकडे शिधा होता. गाडीवाचून बारी गाठता येत नव्हती आणि शिध्यावाचून बारीच्या पुढे जाता येत नव्हते, तेव्हा अनुभवाला एकट्याने सरकार स्थापन करता येईना. अखेरीस जोशी नेते व उरलेले दोघे उपनेते असा तोडगा निघाला. माझा बाहेरून पाठिंबा होता. निघायच्या आदल्या दिवशी काळजीवाहू मुख्यमंत्री साताऱ्यातील आपल्या दरे गावी गेले आणि तिथे त्यांची प्रकृती बरी नसल्याच्या बातम्या आल्या.

“अमावास्येला कुठे निघालात?” सौ.ने पंचांग दाखवले. तीस नोव्हेंबरच्या सकाळी सुरू झालेली कार्तिक अमावास्या एक डिसेंबरच्या दुपारच्या तोंडावर संपत होती आणि आमची सगळी चढाई तिच्या पोटात होती. मी तिला सांगितले की, एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, तिथी-नक्षत्रांचाही तिथे फारसा जोर राहत नसावा. त्यावर तिने बंगळुरूला फोन लावला. कन्येने आपल्या घरी बसून माझ्या घड्याळात काहीतरी फिरवाफिरव केली आणि म्हणाली, “बाबा, मी पडल्याची सूचना चालू करून ठेवली आहे. तुम्ही पडलात तर घड्याळ ओळखेल. तुम्ही एका मिनिटात ‘ठीक आहे’ म्हणून दाबलं नाही, तर आई आणि मला संदेश येईल.” माझ्या पडण्याची व्यवस्था अशी माझ्या चढण्याच्या आधी पूर्ण झाली.

रात्री अकराला निघून, कसारा घाट चढून, इगतपुरी-घोटी करून आम्ही अडीचच्या सुमारास बारीला पोहोचलो. गाडीत मला डुलकी लागली होती, तिची “झोप: ० तास २२ मिनिटे” अशी नोंद करून घड्याळाने “आज शरीराला विश्रांतीची गरज आहे” असे कळवले. बाहेर इतका काळोख होता की समोर डोंगर आहे, हे केवळ तिथे चांदण्या नव्हत्या म्हणून कळत होते. सावंतांनी कानटोपी ओढली, काठी टेकली आणि ते सहज म्हणाले, “बघा हं जोशी, पहाटे उरकलेली कामं टिकत नाहीत.” जोशी थबकले. मंडळातील प्रत्येकाला २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी राजभवनात उरकलेला शपथविधी आणि चार दिवसांत संपलेले ते सरकार आठवले, हे बॅटरीच्या उजेडातही स्पष्ट दिसले. सावंतांचे म्हणणे की त्यांनी कोणाचे नाव घेतलेले नाही, पहाट ही निसर्गातील घटना आहे. मी निकाल दिला की आवाजात वर्ष ऐकू आले. पन्नास रुपये डब्यात पडले, तेव्हा मोहिमेला अजून एक पाऊल व्हायचे होते.

कळसूबाईची चढण ज्यांनी केली नाही त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की ती अवघड नाही, ती केवळ संपत नाही. शिखर न झेपणाऱ्यांसाठी खालीच देवीचे एक मंदिर आहे आणि त्यामागचा शहाणपणा मला अर्ध्या तासात कळला. मग शेतांच्या कडेची पाऊलवाट, मग दगडी पायऱ्या, मग लोखंडी कठडे, मग कड्याला टेकवून उभ्या केलेल्या लोखंडी शिड्या, आणि दर टप्प्यावर “आता थोडंच राहिलं” असे म्हणणारे जोशी. आठ-नऊशे मीटर उंची पायांनी कमवायची म्हणजे काय, हे सांगायला मला घड्याळाची गरज नव्हती, तरीही ते सांगत होते. दोनशे वीसमधून वय वजा केले की हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा निघते, असा एक ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार माझी मर्यादा १५९ होती आणि पहिल्या शिडीखाली घड्याळ १४४ दाखवत होते. बँकेत मी अशा खात्याला आणखी कर्ज मंजूर केले नसते.

शिडीच्या मध्यावर असताना ते थरथरले. दोन्ही हात बर्फासारख्या गार लोखंडाला घट्ट धरलेले, एक पाय वरच्या पायरीवर, दुसऱ्याचा निर्णय व्हायचा आहे, खाली काय आहे ते अमावास्येच्या कृपेने दिसत नाही, अशा अवस्थेत मनगट उजळले आणि त्यावर अक्षरे आली: “छान! या तासात तुम्ही उभे राहिलात.” मी आयुष्यात अनेक वरिष्ठांची कौतुके ऐकून घेतली आहेत, परंतु इतक्या अनभिज्ञ ठिकाणाहून आलेले कौतुक हे पहिलेच. त्या शिडीवर माझे ठोके १५१ झाले. हा आकडा कृपया लक्षात ठेवावा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तांबडे फुटू लागले तेव्हा आम्ही शेवटच्या शिडीच्या अलीकडील सपाटीवर पोहोचलो. दऱ्यांमधून धुके वर येत होते, एकेक डोंगरधार त्यातून पाठ काढत होती. भोईर भारावून म्हणाले, “काय झाडी, काय डोंगार...” आणि चटकन त्यांनी तोंडावर हात ठेवला. जून २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून सांगोल्याच्या आमदारांनी फोनवर काढलेले हे उद्गार महाराष्ट्रात पोरासोरांना पाठ आहेत. सावंतांनी ताबडतोब दंडाची मागणी केली. मी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि असा निर्णय दिला की ‘झाडी’ आणि ‘डोंगार’ येथवर ते निसर्गवर्णन आहे, ‘हाटील’ शब्द आला असता तर दंड झाला असता. सावंतांनी या निर्णयात पक्षपात असल्याचे सांगून निषेध नोंदवला आणि तो निषेध राजकीय आहे की नाही, हे ठरेपर्यंत आम्ही एका चहाच्या टपरीपाशी येऊन टेकलो.

टपरी म्हणजे चार वासे, निळा ताडपत्रीचा आडोसा आणि एक फळी. सूर्योदयाला पंचवीस मिनिटे होती आणि शिखर पंधरा मिनिटांवर होते, म्हणजे चहाला दहा मिनिटे मिळत होती. हिशेब मीच केला होता. बाईंनी चूल फुंकत आमच्याकडे पाहिले. “कुठलं म्हनायचं बाबा?” “डोंबिवलीचे.” “मंग तुम्हास्नी ठावं आसंल. पाच हप्तं आलं पंधराशेचं. आता येकवीसशे देतो म्हनलेत. कधीपास्नं देनार?”

प्रश्न लाडक्या बहिणीचा होता, सरळ होता आणि आमच्या नियमावलीत त्याची सोय नव्हती, कारण दंड आमच्यापुरता होता आणि विचारणाऱ्या बाई बाहेरच्या होत्या. जोशींनी उपनेत्यांकडे पाहिले. उपनेत्यांनी एकमेकांकडे पाहिले. “त्याचं असं आहे मावशी,” जोशींनी सुरुवात केली, “सरकार आलं की अर्थसंकल्पात...” “सरकार येऊन आठवडा झाला की!” सावंत म्हणाले. “आलेलं नाही, निवडून आलेलं आहे,” असे भोईरांनी दुरुस्त केले, आणि यानंतर काय झाले ते मला क्रमाने सांगता येणार नाही, कारण चौघेही एकाच वेळी बोलत होतो. जागा कोणाच्या जास्त आणि चेहरा कोणाचा मोठा, येथून आम्ही निघालो. तिथून २०१९ वर गेलो, तिथून २०२२ वर आलो, मग धनुष्यबाण, मग मशाल, मग मतदान यंत्रे, मग माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत लोक मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेणार म्हणतात ते योग्य की अयोग्य, असे करत दम लागल्यावर माणूस बोलत नाही हा जोशींचा सिद्धांत आम्ही समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर कायमचा खोडून काढला. तटस्थ म्हणून मला मध्ये बसवलेले होते. तटस्थ माणसाचा आवाज तिघांच्या वर चढल्याखेरीज ऐकू जात नाही, ही त्या पदाची अडचण आहे. आठवडाभर राज्याला मुख्यमंत्री मिळत नाही, हे वाक्य पूर्ण करताना मी डावा हात उगारून फळीवर आपटला.

कपबश्या वाजल्या. मनगट थरथरले, पण मी वाक्याच्या मध्यावर होतो. ते आणखी जोरात थरथरले, त्यावर लाल अक्षरे उमटली, आकडे उलटे धावू लागले आणि मी सांगत होतो की बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच बहुमताची परीक्षा सभागृहात व्हावी असे म्हटलेले आहे. एक मिनिट संपले. खाली बारीत न मिळालेली फोनची रेंज इथे भंडारदऱ्याच्या बाजूने भरपूर मिळत होती. माझा फोन वाजला.

“अहो, कुठे पडलात?” सौ.चा आवाज कापत होता. मागे दुसऱ्या फोनवर कन्येचाही आवाज येत होता.

“पडलो नाही. बसलो आहे.”

“घड्याळ म्हणतंय पडलात. जोरात पडलात म्हणतंय.”

“बोलत होतो.”

पलीकडे शांतता पसरली. बत्तीस वर्षांच्या संसारात ती शांतता कोणत्या जातीची आहे हे माणसाला ओळखता येते. “कोणाविषयी?” तिने विचारले. मी फोन जोशींकडे दिला, कारण नेते ते होते. जोशींनी “वहिनी, सगळे सुखरूप आहेत, निसर्गाविषयी बोलत होतो” असे सांगितले. “सांगा त्यांना, अमावास्या अजून संपलेली नाही,” एवढेच उत्तर आले.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आले की फळीवर ऊन आले आहे. सूर्य केव्हाच उगवला होता आणि तोही आमच्या पाठीमागे. ज्या शपथविधीसाठी आम्ही रात्रभर जागून आलो होतो, तो आमच्यावाचून पार पडला होता. बाईंनी चहाचे पैसे मोजून घेतले, हंडा उचलला आणि जाता जाता आमच्या चर्चेचा समारोपही करून टाकला. “कोनी का बसंना तिथं. ह्यो हंडा मलाच चढवायचा हाय.”

घड्याळाचे काम मात्र तेवढ्यावर थांबले नव्हते. शेवटच्या शिडीखाली मी पाहिले तर एक नवी नोंद पडलेली होती. “असे दिसते की तुम्ही व्यायाम केलात. प्रकार: इतर. कालावधी: ३४ मिनिटे. कमाल ठोके: १६३.” शिडीवर, पोकळीत लोंबकळताना, १५१. फळीवर, चहा पिताना, १६३. दोनशे वीस वजा एकसष्ट या हिशेबाने मी चार ठोके मर्यादेबाहेर गेलो होतो आणि तेही अशा पदासाठी, ज्याकरिता माझे नाव कुठेही चर्चेत नव्हते. मी खजिनदार या नात्याने लगेच असा प्रस्ताव मांडला की, उल्लंघने मोजणे शक्य नसल्यामुळे मिनिटाला एक या दराने, म्हणजे प्रत्येकी सतराशे रुपये, दंड घ्यावा. तिन्ही पक्षांचे त्या दिवशी प्रथमच एकमत झाले. जोशी म्हणाले की यंत्राची नोंद पुरावा होऊ शकत नाही, भोईर म्हणाले की यंत्र माझ्या ताब्यात असल्यामुळे ते विश्वासार्ह नाही आणि सावंतांनी मतपत्रिकेवर फेरमोजणी मागितली.

शिखरावर छोटेसे मंदिर आहे, वारा आहे आणि दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी, पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तीन बेलाग शेजारी असा देखावा आहे, ज्यापुढे आम्ही खरोखरच दोन मिनिटे गप्प उभे राहिलो. मग भोईरांनी माझ्या मनगटावरची उंची वाचली. १,६१२ मीटर. जोशींच्या घड्याळात १,६७१ होती आणि भोईरांचा फोन १,६३८ म्हणत होता. कारण साधे आहे. घड्याळे हवेच्या दाबावरून उंची काढतात, दाब हवामानाबरोबर बदलतो आणि निघताना ते उंचीवर लावून घेतले नाही तर चूक वरपर्यंत सोबत येते. पण साध्या कारणांवर समाधान मानणारी माणसे आमच्यात असती तर सूर्योदय चुकला नसता. महाराष्ट्राच्या सर्वोच्च स्थानावर पोहोचूनही आम्ही नेमके किती वर आहोत, यावर तीन यंत्रांचे तीन दावे उभे राहिले. जोशींचा दावा सर्वांत मोठ्या आकड्याचा होता आणि त्यामुळे शिखर त्यांचेच आहे, असा काहीसा त्यांचा सूर लागला. पुजाऱ्याने कुंकू लावता लावता “सोळाशे शेहेचाळीस” एवढेच सांगितले आणि नारळाचा तुकडा हातावर ठेवला.

देवीची एक कथा या भागात सांगतात. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली ती अट घालून, की केरकचरा आणि भांडी सोडून दुसरे काम सांगायचे नाही. पाटलाने एक दिवस ती अट मोडली. ती उठली आणि सरळ या डोंगरावर येऊन बसली, ती परत गेली नाही. “म्हणजे नाराज होऊन उंच ठिकाणी जाऊन बसणे...” सावंतांनी वाक्य सुरू केले. मी डब्याचे झाकण उघडले. त्यांनी वाक्य गिळले आणि देवीला नमस्कार केला.

उतरताना गुडघ्यांनी जे काही सांगितले ते येथे लिहिण्यासारखे नाही. पहिल्या शिडीखाली घड्याळाने “ऊर्जा: ४ टक्के” असे कळवले. ते माझ्याविषयी बोलते आहे असे समजून मी मान डोलावली, पण ते स्वतःविषयी बोलत होते आणि दुसऱ्या मिनिटाला ते काळे पडले. एचएमटी असते तर दोन वेळा चावी फिरवून त्याला पुढे चालवता आले असते. याचा परिणाम असा झाला की माझ्या चढण्याची पावलागणिक नोंद आहे आणि उतरण्याची काहीच नाही. कन्येच्या फोनवरील नकाशात माझी निळी रेघ बारीतून निघते, वळसे घेत वर जाते, टपरीपाशी एक मोठी गाठ मारते, शिखरावर जाते, जरा खाली येते आणि कड्याच्या मधोमध थांबते. तिने तीन वेळा फोन करून मी घरी असल्याची खात्री करून घेतली. कागदोपत्री मी अजून तिथेच आहे.

पाच डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी झाला. एक मुख्यमंत्री, दोन उपमुख्यमंत्री. आमच्या मोहिमेची रचनाच शासनाने स्वीकारली, असे भोईरांचे मत पडले. तो सोहळा पाहायला मंडळ माझ्याकडे जमले होते. सौ.ने पोहे केले होते आणि दंडाचा डबा, त्यातील पन्नास रुपयांसह, टीपॉयवर मधोमध ठेवलेला होता. खाती कोणाला मिळतील, हा विषय सावंतांनी पहिल्या घासाला काढला, जोशींनी दुसऱ्या घासाला गृहखाते वाटून टाकले, भोईर उभे राहिले आणि मी तटस्थपणे त्या तिघांच्या वर आवाज चढवला. मनगट थरथरले. “असे दिसते की तुम्ही व्यायाम करत आहात. नोंद सुरू करायची का?”

मी सौ.कडे पाहिले. ती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

“दाबा,” ती म्हणाली, “आजची पावलं तरी वाचतील.”